मोबाइलची सुरक्षा : पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूड, सहकारनगर, पिंपळे सौदागर भागातल्या सोसायट्यांमध्ये आणि ज्येष्ठ नागरिक संघांत मोबाइलविषयी बोलायला जातो. तिथे आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. पैसे नुकतेच गेले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि थेट प्रश्न ८ वाचा.

१. फोन "हॅक झाला" म्हणजे नेमकं काय होतं?

बहुतेक वेळा फोनचं कुलूप कोणी फोडलेलं नसतं, आपणच आतून कडी काढलेली असते. माझ्यापर्यंत येणाऱ्या तक्रारी तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात ओटीपी, पिन किंवा कार्डाचा तपशील आपण कोणाला तरी सांगितलेला किंवा खोट्या पानावर भरलेला असतो. दुसऱ्या प्रकारात एखादं अ‍ॅप टाकून त्याला एसएमएस वाचायची किंवा स्क्रीनवर ताबा मिळवायची परवानगी दिलेली असते. तिसऱ्यात फोन किंवा सिम प्रत्यक्ष दुसऱ्याच्या हातात गेलेलं असतं. आपण काहीही न करता फोनमध्ये शिरणारे हल्लेही आहेत, पण त्यांचं लक्ष्य वेगळं असतं. त्याबद्दल प्रश्न ४ पाहा.

२. माझ्याकडे आयफोन आहे. मला काळजी नाही ना?

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एपीके फाइल (अँड्रॉइडचं अ‍ॅप बसवणारी फाइल) आयफोनवर चालत नाही, एवढा फायदा आहे. खोटी लिंक, खोटा कस्टमर केअर, ओटीपी मागणारा फोन, व्हिडिओ कॉलवरचा पोलिस यांना तुमच्या हातात कोणता फोन आहे याने काही फरक पडत नाही.

३. नातेवाइकाच्या नंबरवरून "लग्नपत्रिका" म्हणून फाइल आली. उघडली, पण पत्रिका दिसलीच नाही. काय झालं असेल?

फाइलचं नाव पुन्हा नीट बघा. शेवटी ".एपीके" असेल तर ती पत्रिका नव्हती, अँड्रॉइडचं अ‍ॅप होतं. खरी पत्रिका फोटो, पीडीएफ किंवा व्हिडिओ म्हणून येते, तिला इंस्टॉल व्हावं लागत नाही. हाच प्रकार ई-चलान, बँकेचं केवायसी, पीएम-किसान, गॅसबिल अशा नावांनीही फिरतो. नातेवाइकाने तो मुद्दाम पाठवलेला नसतो. त्याच्या फोनमध्ये शिरलेलं अ‍ॅप त्याच्या यादीतल्या सगळ्यांना स्वतःच फाइल धाडत सुटतं.

नुसती फाइल डाउनलोड झाली असेल तर ती पुसून टाका, विषय संपला. इंस्टॉल होण्याआधी फोनने "अनोळखी स्रोतावरून इंस्टॉल करायची अनुमती द्यायची का" असं विचारलेलं असतं. तिथे तुम्ही "नाही" म्हणाला असाल तरी वाचलात. "हो" म्हणून पुढे एसएमएस किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी दिली असेल, तर मात्र गंभीर आहे. अ‍ॅक्सेसिबिलिटी ही सोय दृष्टी किंवा हालचालींची अडचण असलेल्यांसाठी आहे. ती मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. एसएमएसची परवानगी मिळाली की ओटीपी परस्पर चोराकडे जातो, आणि अ‍ॅपचं चिन्ह स्क्रीनवरून गायब झाल्यामुळे तुम्हाला काही कळत नाही.

अशा वेळी लगेच एअरप्लेन मोड लावा, वायफाय बंद आहे का तेही बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि नेटबँकिंगचा पासवर्ड बदला. पासवर्ड त्याच फोनवरून बदलू नका, नवाही चोराच्या हाती जाईल. मग सेटिंग्जमधली अ‍ॅप्सची पूर्ण यादी उघडून ते अ‍ॅप काढा. निघत नसेल तर त्याला "डिव्हाइस अ‍ॅडमिन" केलेलं असतं, आधी तो अधिकार काढून घ्या. माझं मत विचाराल तर एवढ्यावर थांबू नका. फोटो कॉपी करून ठेवा आणि फोन फॅक्टरी रीसेट करा. ते अ‍ॅप आणखी काय मागे ठेवून गेलं, हे घरी बसून तपासता येत नाही.

४. नुसता फोटो उघडला किंवा मिस्ड कॉल आला तरी फोन हॅक होतो, असं ग्रुपवर आलंय. खरं आहे का?

अगदीच खोटं नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलिंगमधल्या एका त्रुटीतून इस्रायली कंपनीचं पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरत होतं, आणि त्यासाठी कॉल उचलावाही लागत नव्हता. पण अशी हत्यारं प्रचंड महाग असतात. ती पत्रकार, कार्यकर्ते, राजकारणी अशा ठरावीक माणसांवर वापरली जातात, पेन्शन खात्यातल्या ४० हजारांसाठी नाही. ती त्रुटी व्हॉट्सअ‍ॅपने अपडेट देऊन बुजवली. म्हणून अ‍ॅप आणि फोन अपडेट ठेवा. "गुड मॉर्निंग"चं फूल उघडायला घाबरायचं कारण नाही, कंटाळा येत असेल तर गोष्ट वेगळी.

अपडेट येणं बंद झालेला जुना फोन असेल तर त्यात बँकेची अ‍ॅप्स ठेवू नका. सेटिंग्जमध्ये "सिक्युरिटी पॅच"ची तारीख असते. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर तो फोन गाणी ऐकायला ठेवा.

५. "आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा" असा मेसेज आला. बिल तर भरलंय.

खोटा आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. सकाळी मेसेज आणि रात्री अंधार, असं कायद्यात बसत नाही. महावितरण अशा सूचना कोणाच्या खासगी मोबाइल नंबरवरून पाठवत नाही. शंका असेल तर १९१२ वर विचारा.

मेसेजमधल्या नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्क, टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट असं काहीतरी टाकायला लावतो. ही अ‍ॅप्स स्वतः खोटी नाहीत, आयटीवाले ती रोज वापरतात. पण त्यांच्यातून तुमची स्क्रीन पलीकडे दिसते, आणि मग "खातरजमेसाठी फक्त १० रुपये भरा" म्हणत तुमचा पिन पाहिला जातो. पाइप गॅसच्या बिलावरूनही हीच गोष्ट चालते, फक्त एमएनजीएलचं नाव घेतलं जातं. गूगलवर शोधून मिळालेला कस्टमर केअर नंबर वापरू नका. छापील बिलावरचा वापरा.

६. ई-चलानचा मेसेज आलाय. पुण्यात गाडी चालवतो म्हणजे चलान असूही शकतं! खरं-खोटं कसं ओळखू?

असूही शकतं, मान्य. म्हणून मेसेजमधल्या लिंकला हात न लावता महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर स्वतः जा. तिथे गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेली चलानं दिसतात. सरकारी पत्त्याचा शेवट "डॉट गव्ह डॉट इन"ने होतो. मधे कुठेतरी "गव्ह" लिहिलेलं असलं तर त्याला अर्थ नाही. आणि चलान कधीही एपीके होऊन येत नाही.

७. बँकेचा मेसेज किंवा कॉल खरा आहे हे कसं समजायचं?

बँकेचा एसएमएस दहा आकडी नंबरवरून येत नाही, अक्षरांच्या नावाने येतो. आता त्या नावाच्या शेवटी एक अक्षरही असतं : जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी मेसेजला जी. बँकांनी सेवेसाठी आणि व्यवहारासाठी करायच्या कॉलना १६०० ने सुरू होणारी मालिका ठरवून दिली आहे. जाहिरातींचे कॉल १४० ने सुरू होतात. शिवाय रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना संकेतस्थळाचा पत्ता "डॉट बँक डॉट इन" करायला लावला.

या खुणा उपयोगी आहेत, पण माझा भर दुसऱ्या सवयीवर आहे. कॉल बंद करा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा. खरा बँकवाला त्यामुळे रागावत नाही.

८. पैसे गेले. आता या क्षणी काय करू?

१९३० वर फोन करा. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे. तुमची तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिथे ते गोठवायचा प्रयत्न सुरू होतो. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फार वेगाने हलवतात. म्हणून "आधी मुलाला विचारतो, मग बघू" यात वेळ घालवू नका. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार भरा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. चॅट रागाने पुसू नका, तोच पुरावा आहे.

त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी बँकेला फोन लावायला सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. तो क्रमांक पुढे का लागतो ते प्रश्न ९ मध्ये आहे.

पोलिस ठाण्याबद्दल : पुणे शहर पोलिसांचं सायबर पोलिस ठाणं शिवाजीनगरला आहे. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, त्यांचं सायबर ठाणंही वेगळं. वाकड-हिंजवडीवाले पुष्कळदा शिवाजीनगरला येऊन परत जातात. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

९. ओटीपी मीच सांगितला होता. मग बँक काहीच देणार नाही?

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे वाटून दिलेलं आहे. चूक बँकेची असेल तर तुमच्यावर काहीच भार नाही. चूक ना तुमची ना बँकेची, यंत्रणेत भलतीकडेच गळती झाली, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तरीही भार शून्य. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत तुमचा, साध्या बचत खात्याला ती १० हजार रुपये आहे. ओटीपी किंवा पिन तुम्ही दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर खात्यातून जे जाईल ते बँकेचं. तक्रार क्रमांक आणि त्यावरची वेळ जपायची ती याचसाठी. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवरच आहे, काउंटरवर हे सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

सहकारी बँकांसाठी असंच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघालं. पुण्यात पुष्कळ घरांची खाती सहकारी बँकेत, म्हणून मुद्दाम सांगतो. नियमांत बदल होत असतात, तेव्हा सध्याची मर्यादा बँकेकडून लेखी घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते.

१०. विसर्जनाच्या गर्दीत लक्ष्मी रोडवर फोन गेला. फोनचं दुःख नाही, पण आता त्यातून पैसे जातील का?

जाऊ शकतात. पूर्वी चोराला फोन विकायचा असायचा, आता त्याला सिमही हवं असतं. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडे येतात. त्यात तुमच्या फ्लिप कव्हरमध्ये डेबिट कार्ड असेल तर काम आणखी सोपं. यूपीआयचा नवा पिन कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी यांवर बनतो. काही बँका एटीएम पिनही मागतात, सगळ्या नाही. कव्हरमध्ये कार्ड ठेवायची पद्धत आजच बंद करा.

फोन गेल्यावर सोबतच्या माणसाचा फोन घ्या आणि आधी सिम बंद करा. मग बँकेला सांगून यूपीआय आणि कार्ड थांबवा. त्यानंतर गूगलच्या किंवा अ‍ॅपलच्या "फाइंड" सेवेतून फोन लॉक करा, आत महत्त्वाचं काही असेल तर पुसून टाका. पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत घेऊन दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर जा. तिथल्या सीईआयआर विभागात आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) देऊन फोन बंद करता येतो, मग तो देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. आयएमईआय खोक्यावर आणि बिलावर असतो.

इथे एक अडचण हमखास येते : दुकानातून नवं सिम आणलं, पण सीईआयआरचा ओटीपी येतच नाही. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवायचा नियम आहे. तो तुमच्याच रक्षणासाठी आहे, थांबा.

११. हे टाळायला आधीच काय करून ठेवू?

सिम लॉक लावा. फोनच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये तो पर्याय असतो, आणि वापरतं जवळजवळ कोणी नाही. तो लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर पिन मागतं. मूळ पिन कंपनीप्रमाणे वेगळा असतो. अंदाजाने टाकू नका, तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके नंबर लागतो. ग्राहक सेवेला विचारून घ्या.

लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणार नाही असं करा. आयएमईआय लिहून घरी ठेवा, *#०६# दाबला की दिसतो. आयफोन असेल तर "स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन" चालू करा. आणि आधार, पॅन, पासबुक यांचे फोटो गॅलरीत मोकळे ठेवू नका.

१२. पैसे देऊन अँटिव्हायरस घ्यावा का?

क्विक हीलसारखी कंपनी पुण्यातच वाढली, त्यामुळे आपल्याकडे अँटिव्हायरसवरचा विश्वास जुना आहे. संगणकावर तो योग्यही होता. मोबाइलवर प्ले प्रोटेक्ट (अँड्रॉइडमधली गूगलची अ‍ॅप तपासायची सोय) चालू, अपडेट वेळेवर आणि एपीके बंद, एवढं बहुतेकांना पुरतं. घेतलात तर हरकत नाही, पण तुम्ही फोनवर ओटीपी वाचून दाखवत असाल तर कुठलाही अँटिव्हायरस तुमचं तोंड धरू शकत नाही.

१३. फोनचं नेटवर्क अचानक गेलं आणि येतच नाही. सिम स्वॅप झालं असेल का?

सिम स्वॅप म्हणजे तुमच्या नंबरचं नवं सिम दुसऱ्याने काढून घेणं. शेजाऱ्याचं त्याच कंपनीचं नेटवर्क चालू असेल आणि तुमचंच गेलं असेल तर शक्यता धरा. दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा की माझ्या नंबरचं सिम किंवा ई-सिम नव्याने दिलं गेलंय का. कोणी "फोरजी-फाइव्हजी अपग्रेड"साठी एसएमएस पाठवायला किंवा ई-सिमची विनंती मान्य करायला सांगितलं होतं का, तेही आठवा. तुमच्या नावावर किती सिम आहेत हे संचार साथीवर दिसतं. एका माणसाला नऊच्या वर घेता येत नाहीत, पण तुमच्या नावावर अनोळखी एक निघालं तरी ते तिथूनच बंद करायला कळवा.

१४. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरून मित्रांना पैसे मागितले जातायत. फोन तर माझ्याच हातात आहे!

दोन शक्यता. "लिंक्ड डिव्हाइसेस"मध्ये बघा, अनोळखी ब्राउझर किंवा संगणक जोडलेला असेल तर लगेच लॉगआउट करा. पुष्कळदा "तुमचा फोटो इथे पाहा" अशा लिंकवर कोड टाकून आपणच तो जोडलेला असतो.

किंवा खातंच दुसऱ्या फोनवर गेलेलं असतं, तुम्ही बाहेर फेकले जाता. अशा वेळी स्वतःच्या फोनवर पुन्हा नोंदणी करा, चोर आपोआप बाहेर पडतो. त्याने दोन टप्प्यांचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस वाट पाहावी लागते, पण तोही त्या काळात आत नसतो. म्हणून हा पिन आपण आधीच लावलेला बरा.

कॉल फॉरवर्डिंगही तपासा. "कुरिअर आलंय, हा नंबर डायल करा" म्हणून २१ किंवा ४०१ असलेला कोड दाबायला लावतात, आणि मग ओटीपी सांगणारा कॉल तिकडे जातो. हा प्रकार एवढा वाढला की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोडवरून कॉल वळवायची सोय थांबवायला सांगितली. तरी फोनच्या कॉल सेटिंगमध्ये एकदा नजर टाका.

१५. स्वारगेटला फोन चार्ज केला, कॅफेतलं फुकट वायफाय वापरलं. धोका आहे?

जेवढा सांगितला जातो तेवढा नाही. केबल लावल्यावर फोनने "डेटा द्यायचा का" विचारलं तर नको म्हणा. बँकेची अ‍ॅप्स आपला मजकूर कुलूपबंद करूनच पाठवतात. तरी बँकेचं काम मोबाइल डेटावर करा, डेटा इतका काही महाग राहिलेला नाही.

१६. यूपीएससीची तयारी करतो, सदाशिव पेठेत राहतो. अ‍ॅपवरून पाच हजारांचं कर्ज घेतलं, आता ते घरच्यांना फोटो पाठवायच्या धमक्या देतायत.

पहिलं म्हणजे घाबरून आणखी पैसे भरू नकोस, मागणी थांबत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने तुझी फोनबुक, गॅलरी, कॉलची यादी बघायचीच नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन हेही केवायसीपुरतं एकदा, तेसुद्धा परवानगीने. म्हणजे कॉन्टॅक्ट्स मागणारं अ‍ॅप तिथेच नियमाबाहेर गेलं. धमक्यांचे स्क्रीनशॉट घे, अ‍ॅपच्या परवानग्या काढ, मग अ‍ॅप काढ, १९३० वर आणि पोर्टलवर तक्रार कर. घरच्यांना तू स्वतः आधी सांग. त्यांच्याकडे ते फोटो तुझ्याकडून कळल्यानंतर पोहोचले तर धमकीत फारसं काही उरत नाही.

आणि "तुझं खातं वापरायला दे, महिना दहा हजार देतो" म्हणणाऱ्यापासूनही लांब राहा. चोरीचे पैसे त्यातून फिरले की पोलिस तुझ्या दारात येतात.

१७. खात्यात अनोळखी माणसाचे पैसे आले आणि तो "चुकून आले, परत करा" म्हणतोय. करू का?

स्वतः करू नका. आधी पैसे खरंच आले का ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा, पुष्कळदा नुसता खोटा एसएमएस असतो. आले असतील तर बँकेला लेखी कळवा आणि बँकेकडूनच परत जाऊ द्या. ती दुसऱ्या कोणाची लुटलेली रक्कम असू शकते, आणि तुम्ही ती तिसऱ्याच माणसाला पाठवलीत तर साखळीत तुमचं नाव येतं. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हेही इथेच सांगतो.

१८. सीबीआयचा व्हिडिओ कॉल आला, "डिजिटल अरेस्ट" म्हणाले.

व्हिडिओ कॉलवरून अटक, असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. कॉल कापा, मग प्रश्न ८ वाचा.

१९. दुरुस्तीला फोन देताना काय काळजी घ्यावी? आणि जुना विकताना?

तपकीर गल्लीत असो की कंपनीच्या सेंटरमध्ये, लॉकचा पिन कागदावर लिहून देऊ नका. सॅमसंगमध्ये "मेंटेनन्स मोड" आणि पिक्सलमध्ये "रिपेअर मोड" असतो. त्यात कारागिराला फोन तपासता येतो, पण तुमचा डेटा दिसत नाही. सिम काढून घ्या. विकताना आधी गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडा, मग रीसेट करा. वापरलेला फोन घेत असाल तर त्याचा आयएमईआय संचार साथीवर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका, चोरीचा असेल तर तिथे कळतं.

२०. मी अमेरिकेत, आई-बाबा कर्वेनगरमध्ये. त्यांचा फोन कसा सुरक्षित ठेवू?

रोजच्या यूपीआयसाठी वेगळं, थोड्या शिलकीचं खातं करून द्या. पेन्शनचं आणि ठेवींचं खातं यूपीआयला जोडू नका. बँकेत व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्या. त्यांच्या अँड्रॉइडमधल्या "अनोळखी अ‍ॅप इंस्टॉल करा" या यादीत व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर सगळ्यांची परवानगी बंद करा. पुढच्या सुट्टीत आलात की हे पहिल्या दिवशी करा. जवळ राहणाऱ्या एका माणसाचं नाव ठरवून द्या, काही विचित्र वाटलं तर त्यांनी आधी त्याला फोन करायचा. तुमच्याकडे तेव्हा रात्र असते.

त्यांना ओरडू नका. ओरडा खाल्लेली माणसं पुढच्या वेळी सांगत नाहीत, आणि प्रश्न ८ मध्ये सांगितलेला मोलाचा वेळ तिथेच जातो.

२१. आपण सगळी काळजी घेतली, पण बँकच हॅक झाली तर? कॉसमॉसचं झालं होतं ना?

झालं होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. बराचसा भाग नकली कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून, आणि जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात. त्यात ग्राहकांच्या फोनचा संबंध नव्हता आणि तो तोटा खातेदारांच्या शिलकीतून गेला नाही. अशा ठिकाणी तुमची जबाबदारी शून्य असते, प्रश्न ९ मधला पहिला भाग तोच. बँकेचे एसएमएस तुमच्या सध्याच्या नंबरवर येतायत ना, एवढं मात्र पाहा. जुना नंबर बंद होऊन वर्ष झालं आणि बँकेत तोच नोंदलेला, अशी खाती दर बैठकीत निघतात.